वर्कशॉपमधला उजेड कसा तपासावा, कसा सुधारावा

एका वर्कशॉपमध्ये मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. तिथले सर्वांत जुने टर्नर लेथवर (धातू फिरवत कापायच्या यंत्रावर) उभे राहिले की मान डावीकडे झुकवून, एक खांदा वर उचलून काम करायचे. माप घ्यायचं झालं की चक, म्हणजे जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) जबड्यांत पकडून फिरवणारा भाग, थांबवायचे, जॉबला व्हर्निअर (बारीक मापाची सरकती पट्टी) लावून स्क्रू आवळायचे आणि मग व्हर्निअर काढून, दोन पावलं मागे येऊन, खिडकीकडे तोंड करून वाचायचे. मला वाटलं, हातची सवय असेल. आठवडाभराने विचारलंच, ‘‘काका, मान अशी वाकडी का करता?’’

‘‘सरळ उभा राहिलो तर माझीच सावली पडते ना जॉबवर, साहेब. बाजूला झुकलो की टूलचं टोक दिसतं.’’

वर छताला दिवे भरपूर होते. पण ते सगळे त्यांच्या पाठीमागे होते. कित्येक वर्षं ते तसेच उभे राहत होते आणि मानेचं दुखणं वयाच्या माथी मारत होते.

तेव्हापासून मी उजेडाचा विचार एकाच जागेवरून करतो: काम करणारा माणूस जिथे उभा असतो तिथून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. दारात उभं राहून ‘लख्ख उजेड आहे की’ म्हणणं सोपं असतं, पण दारात कुणी काम करत नाही. तुम्ही सुपरवायझर म्हणून नव्याने रुजू झाला असाल, सुरक्षेचं काम नुकतंच तुमच्याकडे आलं असेल किंवा स्वतःचं लहानसं वर्कशॉप उभं करत असाल, तर पुढची प्रत्येक पायरी त्या जागेवर जाऊन करा.

पायरी १: मीटर नंतर, आधी माणसं

पहिले दोन दिवस काहीही मोजू नका. नुसतं बघा. शिफ्टच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटच्या तासाला एकदा फेरी मारा, कारण थकवा सकाळी दिसत नाही.

काय बघायचं? कोण जॉब हातात घेऊन उजेडाकडे जातो. कोण मोबाइलचा टॉर्च लावून बोअरच्या, म्हणजे जॉबमध्ये कोरलेल्या भोकाच्या, आत डोकावतो. कुणी मशिनला वायरने बांधलेला स्वतःचा दिवा लटकवलाय. कोण ओरखडा डोळ्यांनी शोधायच्या ऐवजी नखाने चाचपतो. कुणाच्या टोपीची कड फार खाली ओढलेली आहे. तो बहुधा समोरच्या दिव्यापासून डोळे वाचवतोय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुणाची मान, पाठ आणि खांदे वाकडे आहेत. शरीर नेहमी डोळ्यांच्या सोयीने वळतं. दिसत नसेल तर माणूस कमरेतून वाकतो आणि आठ तास तसाच राहतो. म्हणून उजेडाची तक्रार पुष्कळदा पाठदुखीच्या रूपाने येते आणि आपण खुर्चीची किंवा ओट्याची उंची बदलत बसतो.

मग विचारा. ‘उजेड पुरतो का?’ असं विचारलंत तर ‘हो’ असंच उत्तर येईल, कारण माणसाला सवय झालेली असते. त्याऐवजी विचारा: ‘‘दादा, कुठलं माप दोनदा बघावं लागतं?’’, ‘‘घरी जाताना कपाळ ठणकतं का?’’, ‘‘काम सोडून लांब बघितलं की थोडा वेळ धूसर दिसतं का?’’ डोळ्यांची आग, पाणी येणं, पापण्या जड होणं, भुवयांच्या वरती दुखणं ही डोळ्यांवर ताण आल्याची नेहमीची लक्षणं. कमी उजेडात काम केल्याने डोळे कायमचे अधू होतात अशी भीती पुष्कळांना असते, ती घालवा. हा ताण विश्रांतीने उतरतो. पण त्या ताणात झालेली चूक, ग्राइंडरजवळ चुकलेला हात किंवा वर्षानुवर्षं वाकलेली मान मात्र तशी भरून येत नाही.

वयाची नोंद जरूर करा. विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान झालेली असते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर पडलेलं असतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणंही कठीण होत जातं. त्यातही एक बारीक अडचण आहे. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटर अंतरासाठी केलेला असतो आणि लेथवरचा जॉब डोळ्यांपासून ५०-६० सेंटीमीटरवर असतो. दोन भागांच्या चष्म्यात जवळचा भाग खाली असल्यामुळे हनुवटी वर करून बघावं लागतं. त्यानेही मान आखडते. चष्मा करून घेताना कामाचं अंतर टेपने मोजून डॉक्टरांना सांगायला लावा. दिवे बदलण्याआधी एवढ्यानेही काही जणांची निम्मी तक्रार जाते.

एका डोळ्याचं दिसणं अचानक कमी होणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, डोळ्यात धातूचा कण जाणं ही उजेडाची प्रकरणं नव्हेत. तिथे डोळा न चोळता थेट डॉक्टर गाठायचा.

पायरी २: मोजणी

दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्युमेनमध्ये सांगतात, आणि कामाच्या पृष्ठभागावर किती पडतो ते लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. भर उन्हात हा आकडा १,००,००० च्या आसपास जातो, ढगाळ दिवशी काही हजार असतो, आणि वर्कशॉपमध्ये आपण शेकड्यांत बोलत असतो. डोळा इतका जुळवून घेणारा आहे की २०० आणि ४०० मधला फरक त्याला नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. म्हणून लक्स मीटर हवाच. मोबाइलवरची ॲप ढोबळ तुलनेपुरती ठीक, पण त्यांच्या आकड्यावर दिवे विकत घेऊ नका. मोबाइलचा सेन्सर तिरप्या प्रकाशाला नीट दाद देत नाही.

मोजणी अंधार पडल्यावर करा, म्हणजे खिडक्यांचा उजेड हिशेबात मिसळणार नाही. दिवे लावून अर्धा तास जाऊ द्या. मीटर जमिनीवर नाही, छातीशी नाही. काम जिथे होतं तिथे ठेवायचा: टूलच्या टोकाजवळ, व्हाइसच्या जबड्यांवर, सरफेस प्लेटवर (मोजमापासाठीच्या सपाट पाटावर), कंट्रोल पॅनेलच्या उभ्या पृष्ठभागावर. वाचताना स्वतः बाजूला व्हा, तुमची सावली सेन्सरवर पडू देऊ नका. मग दुसरी मोजणी घ्या, या वेळी कारागिराला त्याच्या नेहमीच्या जागी उभं करून. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्याच्या स्वतःच्या सावलीची किंमत. त्या काकांच्या लेथवर मी हे केलं तेव्हा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली होता.

आकडे किती असावेत यासाठी आयएसओ ८९९५ आणि युरोपातलं ईएन १२४६४-१ ही दोन मानकं सर्वत्र वापरली जातात. साध्या यंत्रकामाला, म्हणजे ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून ढिली टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असेल तिथे, ३०० लक्स. त्याहून बारीक टॉलरन्सच्या कामाला आणि अचूक ग्राइंडिंगला ५००. मार्किंग आणि तपासणीला ७५०. ढोबळ असेंब्लीला २००, मध्यमला ३००, बारीकला ५००. रंग पारखायचा असेल तर १,०००. ये-जा करायच्या वाटेला १००. ही किमान पातळी समजा. काळपट बिडाचा जॉब, वयस्कर कारागीर किंवा चूक झाली तर फार महाग पडणारं काम असेल तर एक पायरी वर जा. तुमच्या देशाच्या कारखाना कायद्यात वेगळा आकडा असेल तर तो आधी पाळायचा.

एकच आकडा घेऊन थांबू नका. कामाच्या जागेवर सात-आठ ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकड्याला सरासरीने भागा. उत्तर ०.६ च्या खाली आलं तर उजेड ठिपक्याठिपक्यांत पडतोय. भोवतालीही लक्ष द्या. ५०० लक्सच्या जागेलगत ३००, ३०० च्या लगत २०० एवढा तरी असावा. लख्ख मशिनवरून नजर काळोख्या कोपऱ्यात गेली की डोळ्याला प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. उजेडातून खऱ्या अंधारात गेल्यावर हे जुळवणं पूर्ण व्हायला अर्धा तासही लागतो. बाहेरच्या उन्हातून फोर्कलिफ्ट घेऊन आत येणाऱ्याला पहिले काही क्षण समोरचा माणूस दिसत नाही, ते याचमुळे. दाराच्या आतल्या पट्ट्यात दिवसाही भरपूर दिवे लावून ठेवा.

पायरी ३: सावली आणि डोळे दिपणं

नवखा माणूस इथेच फसतो. आकडा कमी आला की तो दिवा मोठा करतो, आणि मोठ्या दिव्याने सावली आणखी गडद होते आणि डोळे आणखी दिपतात. आधी जागा बदलून बघा.

तीन चाचण्या सांगतो, तिन्हींना पैसे लागत नाहीत. पहिली पेन्सिलीची. कामाच्या जागी पेन्सिल उभी धरा. एकच काळी, धारदार कडेची सावली पडली तर प्रकाश एकाच बाजूने येतोय. दोन-तीन फिकट, पुसट सावल्या पडल्या तर बरं. दुसरी तळहाताची. कारागिराच्या जागी उभं राहून कामाकडे बघा आणि भुवयांवर हात आडवा धरून वरचे दिवे झाका. एकदम हायसं वाटलं तर समजा की इतका वेळ डोळे दिव्याशी झगडत होते. तिसरी आरशाची, आणि ती मला सर्वांत आवडते. जॉब असतो तिथे लहानसा आरसा सपाट ठेवा आणि नेहमीच्या उभ्या राहण्याच्या जागेवरून त्यात बघा. आरशात दिवा दिसला तर तोच दिवा चकचकीत धातूवरही दिसणार आणि मापाच्या रेघा धुऊन टाकणार.

सॅटिन क्रोमचं व्हर्निअर हातात घेऊन हे करून बघाच. उघड्या एलईडीखाली धरलं की मुख्य पट्टीवरच्या रेघा चमकेत नाहीशा होतात, थोडं कलतं केलं की परत उगवतात. कारागीर दिवसातून शंभर वेळा मनगट असं कलतं करत असतो. त्याच दिव्यावर दुधी झाकण बसवलं की प्रकाश पसरतो आणि रेघ कुठल्याही कोनातून वाचता येते. ओरखडा, भेग किंवा स्क्राइबरची (धातूवर खूण करायच्या टोकदार सुईची) रेघ शोधायची असेल तर मात्र उलट करायचं: पसरट प्रकाश नको, एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाणारा प्रकाश हवा. त्या तिरप्या उजेडात केसाएवढी रेघही सावली टाकते. म्हणून तपासणीच्या टेबलावर दोन वेगळे दिवे, दोन वेगळी बटणं ठेवलेली बरी.

छतावरच्या दिव्यांच्या रांगा कारागिराच्या डोक्यावर किंवा पाठीमागे नकोत; मशिनच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या नजरेच्या दिशेला समांतर असाव्यात. उजव्या हाताने काम करणाऱ्याला मुख्य उजेड डावीकडून आणि थोडा पुढून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. कुठलाही उघडा दिवा सरळ नजरेच्या टप्प्यात येऊ देऊ नका. डोळे दिपण्याचं माप यूजीआर या आकड्याने सांगतात. तो जितका कमी तितकं सुसह्य. बारीक यंत्रकामाला १९, साध्या यंत्रकामाला २२, ढोबळ असेंब्लीला २५ ही वरची मर्यादा. फिटिंग विकत घेताना हा आकडा मागा.

मशिनवरच्या दिव्याने फार थोड्या खर्चात फार मोठा फरक पडतो. दिवा लहान असेल तर अंतर निम्मं केल्यावर उजेड जवळपास चौपट होतो, म्हणून ६० सेंटीमीटरवरून ३० वर आणलेला छोटा दिवा छतावरच्या मोठ्या फिटिंगला मागे टाकतो. वाकणारा पण जागेवर घट्ट राहणारा हात, खोल शेड, २४ व्होल्टचा पुरवठा, कूलंट (कापताना सोडायचं थंडाव्याचं पाणी) उडत असेल तर आयपी ६५ दर्जाचं, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारं बंद फिटिंग, आणि पुढे चिपा (कापलेल्या धातूचे तुकडे) झेलायला जाड काच. दिव्याचा हात हलत्या भागांच्या वाटेत येणार नाही हे मशीन बंद असताना चक हाताने फिरवून बघा. आणि शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन खात्री करा, की एकाच्या जॉबवरचा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांत जात नाही.

भिंती विसरू नका. छत पांढरं, भिंती फिक्या आणि मॅट रंगाच्या केल्या की तोच दिवा जास्त उजेड देतो, कारण प्रकाश परतून सावल्यांमध्ये शिरतो. काळवंडलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवे वाढवण्याआधी रंगकाम करा, असंच मी प्रत्येकाला सांगतो.

पायरी ४: लुकलुक, जी दिसत नाही पण घात करते

विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर जुन्या तांब्याच्या चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते; ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्याला हे जाणवत नाही. पण फिरत्या वस्तूवर ते जाणवतं, आणि फार वाईट रीतीने.

तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. तिन्ही जबडे सारखेच दिसतात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा एका जबड्याच्या जागी दुसरा येतो. दिवाही सेकंदाला १०० वेळाच तेज होतो. प्रत्येक वेळी प्रकाश वाढतो तेव्हा जबडा त्याच जागी असतो आणि चक थांबल्यासारखा भासतो. चार जबड्यांच्या चकला हेच १,५०० फेऱ्यांवर होतं. वेग थोडा कमी असला तर चक संथपणे उलटा फिरताना दिसतो. शेजारच्या मशिनचा आवाज असताना, कानात प्लग घातलेले असताना, थांबलेला वाटणारा चक हाताने चाचपायला किती वेळ लागणार? या भासाने माणसांची बोटं जाऊ शकतात, आणि म्हणून मी या पायरीला टाळाटाळ खपवून घेत नाही.

ओळखायचं कसं? मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा. पडद्यावर दिवा धडधडताना दिसला तर लुकलुक आहे. मोबाइल नसेल तर चकचकीत सळई दिव्याखाली झपाझप हलवा. सलग चमकदार पट्टा दिसला तर ठीक. सुट्यासुट्या सळयांचा पंखा दिसला तर दिवा दोषी. एलईडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हलक्या ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) एलईडीत हा दोष जुन्या ट्यूबइतका, कधी त्याहून जास्तही असतो.

उपाय तीन. ट्यूबला २०,००० हर्ट्झच्या वर चालणारा इलेक्ट्रॉनिक चोक बसवा, किंवा लुकलुक कमी असल्याचं लिहून देणारा चांगला ड्रायव्हर असलेली एलईडी घ्या. ते लगेच जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून शेजारशेजारची फिटिंग तीन वेगवेगळ्या फेजवर टाकून घ्या, म्हणजे एक मंद होतं तेव्हा दुसरं तेज असतं. आणि फिरणाऱ्या भागावर मशीनचा स्वतःचा, स्थिर डीसीवर चालणारा दिवा ठेवा.

या लुकलुकीचा त्रास डोक्यालाही होतो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ऑफिसातल्या ट्यूबना जुन्या चोकऐवजी उच्च वारंवारतेचे चोक लावल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या होत्या. ऑफिसात ही कथा, तर यंत्रांमध्ये उभ्या असलेल्या माणसाचं काय होत असेल!

पायरी ५: दिव्यांची निवड आणि हिशेब

रंगाकडे आधी बघा. पिवळ्या सोडियम दिव्याखाली लाल, तपकिरी आणि काळी वायर ओळखणं अवघड जातं, आणि तापवलेल्या पोलादावर चढणारा गवती-जांभळा-निळा रंग वाचताच येत नाही. माणसं काम करतात तिथे सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) किमान ८० हवा, रंग पारखायच्या जागी ९०. छटेच्या बाबतीत ४,००० ते ५,००० केल्विनचा पांढरा प्रकाश यंत्रकामाला मानवतो. ६,५०० चा निळसर उजेड जास्त ‘लख्ख’ भासतो म्हणून लोक तो मागतात. त्यात दिसतं जास्त असं नाही.

किती दिवे लागतील याचा ढोबळ हिशेब असा. समजा शेड २० मीटर लांब, १० मीटर रुंद आहे आणि सर्वत्र ३०० लक्स हवेत. २०० चौरस मीटर गुणिले ३०० म्हणजे ६०,००० ल्युमेन प्रत्यक्ष कामाच्या पातळीवर पोहोचायला हवेत. पण दिव्यातला सगळा प्रकाश खाली पोहोचत नाही; भिंती-छतात काही मुरतो. त्यासाठी ०.६ धरा. धूळ बसून आणि दिवा जुना होऊन उजेड उतरतो, त्यासाठी ०.७. दोन्हींचा गुणाकार ०.४२. ६०,००० ला ०.४२ ने भागलं की सुमारे १,४३,००० ल्युमेन. एका फिटिंगचे १२,००० ल्युमेन असतील तर १२ फिटिंग लागतील: चार-चारच्या तीन रांगा. धुळीला ०.७ न धरता पूर्ण १ धरून केलेला हिशेब पहिल्या दिवशी बरोबर येतो आणि वर्षभरात खोटा ठरतो. विक्रेत्याच्या कागदावर हा आकडा किती धरलाय ते वाचायची सवय लावा.

जुने मर्क्युरी व्हेपर किंवा मेटल हॅलाइड दिवे अजून असतील तर बाहेरची काच फुटलेली तर नाही ना, ते आजच बघा. बाहेरची काच फुटूनही असा दिवा जळत राहू शकतो आणि त्यातून अतिनील किरण थेट खाली येतात. संध्याकाळपर्यंत खाली काम करणाऱ्यांचे डोळे आणि चेहरे भाजतात. असा दिवा दिसला की बंद करा, मग बदला. रंगाच्या फवारणीच्या किंवा द्रावकांच्या जागी साधं फिटिंग चालत नाही. तिथे स्फोटरोधक दर्जाचंच लागतं.

पायरी ६: वेल्डिंगची जागा

वेल्डरने काच लावलेली असते. भाजतात ते शेजारचे. आर्कमधले अतिनील किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला भाजतात, आणि त्रास लगेच नाही तर सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री सुरू होतो: डोळ्यात वाळू भरल्यासारखं, उजेड सहन न होणं, पाण्याच्या धारा. मदतनीस, वाटेने जाणारा, दहा पावलांवर फाइल चालवणारा फिटर, या सगळ्यांसाठी वेल्डिंगभोवती पडदा किंवा आडोसा हवा, आणि त्याच्या आतली बाजू मॅट, न चमकणारी. वेल्डरच्या काचेचा शेड (काळेपणाचा क्रमांक) करंटप्रमाणे साधारण १० ते १३. आणि आडोशाच्या आत ३०० लक्सचा साधा उजेड द्यायला विसरू नका. अंधाऱ्या आडोशात जुळणी दिसत नाही म्हणून माणूस हेल्मेट वर ठेवून आर्क टेकवतो.

पायरी ७: रात्रपाळी

आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, ज्या बघण्याऐवजी मुख्यतः शरीराच्या घड्याळाला वेळ कळवतात. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. रात्री त्यांच्यावर तेज प्रकाश पडला की झोपेची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिनची निर्मिती दबते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, ते शरीराच्या या घड्याळाच्या उलथापालथीमुळे.

म्हणून रात्री दिवे मंद करायचे का? यंत्रांवर तर मुळीच नाही. पहाटे तीन-चारला माणूस आधीच पेंगुळलेला असतो, तिथे उजेड कमी करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. कामाच्या जागी पूर्ण लक्स ठेवा. जिथे मऊ उजेड चालतो तिथे, म्हणजे विश्रांतीच्या खोलीत आणि कपडे बदलायच्या जागेत, तो पिवळसर आणि सौम्य ठेवा. पाळीचं वेळापत्रक आखताना सलग रात्री कमी ठेवा. घरी जाऊन झोपायची खोली पूर्ण काळोखी करायला सांगा, आणि हे सांगणं एकदाच करून सोडू नका. घरच्यांनाही समजेल अशा शब्दांत लिहून द्या. दिवसपाळीच्या लोकांना उलट सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या उजेडात जाऊ द्या. दिवसभर पत्र्याखाली राहिलेल्या शरीरालाही दिवस झाल्याचं कळायला हवं.

पायरी ८: वीज गेल्यावर

वीज जाते तेव्हा दिवा त्याच क्षणी विझतो, पण ग्राइंडिंगचा दगड फिरतच राहतो. त्या काळोखाच्या अर्ध्या मिनिटासाठी बॅटरीचे दिवे लागतात. बाहेर पडायच्या वाटेच्या मध्यरेषेवर किमान १ लक्स, आणि धोक्याच्या यंत्रांजवळ नेहमीच्या उजेडाच्या १० टक्के, पण १५ लक्सपेक्षा कमी नाही, तोही अर्ध्या सेकंदात. मेटल हॅलाइड दिवे वीज परत आल्यावर लगेच पेटत नाहीत. थंड होऊन पुन्हा तेज यायला दहा मिनिटंही जातात, हे बॅटरी निवडताना लक्षात ठेवा. महिन्यातून एकदा बटण दाबून चाचणी, वर्षातून एकदा पूर्ण वेळ चालवून बघणं.

पायरी ९: धूळ, नोंद आणि परत मोजणी

ग्राइंडिंगची धूळ आणि तेलाची वाफ मिळून फिटिंगवर चिकट पापुद्रा तयार होतो. तो कापडाने पुसला जात नाही. साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो, तेही मेन स्विच बंद करून, कुलूप लावून आणि वरची क्रेन थांबवून. ग्राइंडिंगच्या बाजूला तीन महिन्यांनी, इतरत्र सहा महिन्यांनी धुणं मला पुरेसं वाटतं, पण तुमच्या जागेचा अंदाज एकदा घ्या: एकच फिटिंग धुवा आणि धुण्याआधी व नंतर खालचा लक्स मोजा. तो फरक व्यवस्थापनाला दाखवला की धुण्यासाठी माणूस मिळतो. ट्यूब फुटली तर आत पारा असतो. झाडू मारू नका, खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग हातमोजे घालून तुकडे जाड कागदाने उचला.

मोजलेल्या प्रत्येक जागी रंगाची एक छोटी खूण करा आणि वहीत तिचा क्रमांक, तारीख, आकडा आणि त्या मशिनवर काम करणाऱ्याचं म्हणणं, असे चार रकाने ठेवा. चौथा रकाना कोरा सोडू नका. बदल केल्यावर पंधरा दिवसांनी त्याच खुणांवर मीटर ठेवा, आणि शिफ्टच्या शेवटच्या तासाला पुन्हा फेरी मारा.

काकांच्या लेथला आम्ही डाव्या बाजूने २४ व्होल्टचा दिवा लावला आणि छतावरची एक रांग दीड मीटर पुढे सरकवली. पहिले चार दिवस मान तशीच झुकलेली होती. शरीराला जुनी जागा विसरायला वेळ लागला. पाचव्या दिवशी त्यांनी व्हर्निअर जॉबवर लावलं आणि खिडकीकडे न वळता तिथेच वाचलं.